स्ट्रोकची लक्षणं आणि पहिले काही तास: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे पेशंट येतो तो स्ट्रोक होऊन गेल्यावर, हातपाय पुन्हा चालते करायला. पहिल्या दिवशी मी घरच्यांना दोन वेळा विचारून घेते: काहीतरी बिघडलंय असं पहिल्यांदा कधी वाटलं, आणि हॉस्पिटलात कधी पोचलात? मधलं अंतर ऐकून पुष्कळदा गप्प बसावं लागतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला आपण शिव्या घालतो, पण हे तास रस्त्यावर कमी आणि घरातल्या सोफ्यावर जास्त जातात. ‘जरा पडून राहा’, ‘मुलाला येऊ दे’, ‘सकाळी बघू’.

ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकांत आणि फोनवर जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केले आहेत. उपचाराचा निर्णय अर्थातच पेशंट समोर असलेल्या डॉक्टरांचा. आत्ता, या क्षणी घरात कुणाला त्रास होत असेल तर वाचत बसू नका. १०८ लावा आणि थेट प्रश्न ५ वर जा.

१. स्ट्रोक म्हणजे नेमकं काय? हार्ट अटॅकचाच प्रकार ना तो?

नाही. हार्ट अटॅक हृदयात येतो, स्ट्रोक मेंदूत. मेंदूला रक्त पोचवणारी वाहिनी एकतर गुठळीने बंद पडते किंवा फुटते. बंद पडण्याचं प्रमाण बरंच जास्त. फुटण्यामागे बहुतेक वेळा वर्षानुवर्षं वाढलेलं आणि कधी मोजलंच नाही असं बीपी असतं. मोठी वाहिनी बंद पडली तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

यात सगळ्यात घातक गोष्ट अशी की स्ट्रोक बहुधा दुखत नाही. छातीत कळ आली की माणूस घाबरतो, घरचे धावतात. हात जड पडला तर ‘झोपेत अंगाखाली आला असेल’ म्हणून चोळत बसतात.

२. आमच्या गावी ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. ते हेच का? पंख्याच्या किंवा एसीच्या वाऱ्याने होतं का?

हेच. अर्धांगवायू, पक्षाघात, लकवा, वारं जाणं ही एकाच घरची नावं. वाऱ्याशी त्याचा संबंध नाही. पंखा बंद करून, कानाला मफलर गुंडाळून स्ट्रोक टळत नाही. या शब्दाने एक नुकसान मात्र केलं आहे: वारं ‘गेलं’ म्हटलं की ते होऊन गेलं, आता तेल लावायचं आणि नशिबाला दोष द्यायचा, असं मनात बसतं. पहिल्या काही तासांत त्यावर इलाज असतो, हे त्या शब्दात कुठेच येत नाही.

३. स्ट्रोक आलाय हे घरच्या घरी ओळखायचं कसं?

‘अचानक’ हा शब्द आधी लक्षात ठेवा. तासाभरापूर्वी माणूस धड होता आणि आता नाही, असं असेल तर तीन गोष्टी करायला सांगा. मिनिटभर पुरतं.

दात दाखवून हसायला सांगा. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली राहते का? चूळ भरताना एका कोपऱ्यातून पाणी सांडणं हेही त्यातलंच.

डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, तळवे वर. दहापर्यंत मोजा. एक हात हळूहळू खाली यायला लागतो किंवा तळवा आतल्या बाजूला वळतो. पायाचंही तसंच: एका पायातली चप्पल निसटते आणि माणसाला पत्ता नसतो.

एक पूर्ण वाक्य बोलायला लावा. ‘मी ठाण्यात तलावपाळीजवळ राहतो’ असं काहीही चालेल. जीभ जड वाटते का, शब्द चिकटतात का, भलताच शब्द येतो का, किंवा तुम्ही काय म्हणताय हेच त्यांना कळत नाही असं दिसतं का? ‘हो हो’ एवढ्यावर समाधान मानू नका. ‘हो’ बऱ्याच जणांना म्हणता येतं.

तिन्हीपैकी एक जरी बिघडलेलं दिसलं तरी पुरे. तिन्हीची वाट बघायची नाही.

एक घर आठवतं. गणपतीचा पहिला दिवस, नौपाड्यातलं स्वयंपाकघर, काकू उकडीचे मोदक करत होत्या. चाळीस वर्षांचा हात. त्या दिवशी कळ्याच पडेनात. उकड चिरली म्हणून त्यांनी पुन्हा मळली, पाण्याचा हात लावला, तरी चिमटीत कळी येईना. सून म्हणाली, आई दमलात, बसा. तासाभराने हातातली वाटी पडली तेव्हा सगळे उठले. उकड चांगलीच होती, उजव्या हाताची बोटं ऐकत नव्हती. रोजचं सरावाचं काम अचानक जमेना, यासारखी खूण दुसरी नाही: सदऱ्याची गुंडी लागेना, फोनवर नंबर दाबता येईना, सही वेगळीच उमटली.

४. हात, तोंड, बोलणं सगळं ठीक आहे. मग स्ट्रोक नाही ना?

असू शकतो. मेंदूच्या मागच्या भागात झाला तर हात आणि चेहरा धड राहतात आणि तोल जातो. अचानक घर गरगर फिरू लागणं, दारू प्यायल्यासारखं चालणं, आधार दिल्याशिवाय बसताही न येणं, ओकाऱ्या, एकाची दोन दिसणं. ही माणसं आपल्याकडे हमखास ‘पित्त खवळलं’ किंवा ‘मानेचा स्पाँडिलायटिस’ या नावाखाली घरी पडून राहतात.

नजरेचंही तसंच. एका डोळ्यासमोर पडदा पडल्यासारखं होणं, किंवा दोन्ही डोळ्यांनी समोरचं अर्धंच दिसणं: ताटातली डावीकडची भाजी दिसतच नाही, दाराच्या चौकटीला सारखा खांदा आपटतो.

आणि डोकेदुखी. क्षणात, घाव घातल्यासारखी सुरू झालेली, ‘जन्मात असं दुखलं नव्हतं’ अशी. ती वाहिनी फुटल्याची असू शकते. तिथे बाम चोळून, गोळी घेऊन झोपायचं नसतं.

५. लक्षण दिसलं. आता पहिल्या पाच मिनिटांत काय करू?

घड्याळ बघा आणि वेळ कागदावर लिहा. १०८ लावा. ‘स्ट्रोकसारखं वाटतंय’ हे शब्द मुद्दाम वापरा. नुसतं ‘बरं नाही’ म्हटलं की प्रसंगाची घाई पलीकडे पोचत नाही.

पेशंटला खाटेवर किंवा जमिनीवर आडवं करा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. कवळी काढा. चालवत जिन्यापर्यंत नेऊ नका. रोजच्या गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड एका पिशवीत टाका. ज्याने लक्षण पहिल्यांदा बघितलं त्याने बरोबर जायचं. कारण डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचा विचारतात, आणि बेंगळुरूहून फोनवर बोलणाऱ्या मुलाला ते सांगता येत नाही.

टॉवरमध्ये राहत असाल तर एकाला खाली पिटाळा. गेटवर अ‍ॅम्ब्युलन्स अडवून ‘कोणत्या फ्लॅटला, अ‍ॅपवर परवानगी द्या’ असं चाललेलं मी स्वतः बघितलं आहे. स्ट्रेचर मावेल अशी मोठी लिफ्ट कोणती ते वॉचमनला माहीत असतं, ती रोखून धरायला सांगा. नौपाडा, चरई, कोपरीच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत हात असलेली घट्ट खुर्ची कामाला येते: माणूस तिच्यात बसवून, चादरीने बांधून, दोघातिघांनी उतरवायचा.

६. आणि काय करायचं नाही? हार्ट अटॅकसारखी अ‍ॅस्पिरिन चघळायला द्यायची ना?

द्यायची नाही. वाहिनी बंद झाली आहे की फुटली आहे हे बाहेरून कुणालाही ओळखता येत नाही, अनुभवी डॉक्टरलाही नाही. सीटी स्कॅननंतरच ते ठरतं. फुटलेली असेल तर अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो.

जिभेखाली सॉर्बिट्रेट नको. बीपी जास्त दिसलं म्हणून जादा गोळी नको. स्ट्रोकमध्ये बीपी चढतंच. रक्त अडलेल्या भागापर्यंत पोचवायला शरीर जोर लावत असतं. ते एकदम खाली आणलं तर उरलासुरला पुरवठाही तुटतो. किती उतरवायचं आणि कधी, ते हॉस्पिटलात ठरतं.

तोंडाने काही देऊ नका. पाणी नाही, चहा नाही, साखरपाणी नाही, देवाचं तीर्थही नाही. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असतील तर घोट श्वासनलिकेत जातो आणि मागाहून न्यूमोनिया होतो. (साखरेला एकच अपवाद, तो प्रश्न १५ मध्ये.)

बोटं आणि कानाच्या पाळ्या सुईने टोचून रक्त काढा, असा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. त्याने काही होत नाही, वेळ जातो. कबुतराच्या रक्ताने मालिश करायचा सल्ला अजून मिळतो. कबुतराचाही जीव जातो आणि वेळेचाही.

७. साडेचार तास, साडेचार तास म्हणतात ते काय? कधीपासून मोजायचे?

गुठळीने बंद झालेली वाहिनी मोकळी करायला शिरेतून इंजेक्शन देतात, अ‍ॅल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज. ते लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर फायदा घटतो आणि रक्तस्रावाचा धोका चढतो.

मोजणी पेशंट ‘शेवटचा धड कधी दिसला’ तिथून होते, तुमच्या लक्षात कधी आलं तिथून नव्हे. आठला जेवताना आजोबा नीट बोलत होते, पावणेदहाला बाथरूमपाशी पडलेले सापडले, तर घड्याळ आठला सुरू झालं आणि साडेबाराला संपतं. त्यातही हॉस्पिटलात सीटी, शुगर, कागदपत्रं यात वेळ जाणारच. म्हणून साडेचार तासांना एसटीच्या शेवटच्या गाडीसारखं धरू नका. त्या मर्यादेच्या आतही पहिल्या तासात मिळालेलं इंजेक्शन चौथ्या तासातल्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतं.

मोठी वाहिनी बंद असेल तर मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. ते सहसा पहिल्या ६ तासांत करतात. स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा भाग दिसला तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत. म्हणून ‘आता पाच तास झाले, जाऊन काय उपयोग’ हेही चूक.

८. सकाळी उठले तेव्हाच हात उचलत नव्हता. कधी झालं कोण जाणे. मग?

रात्री झोपताना ठीक होते ती वेळ सांगायची. मध्ये पाण्याला किंवा बाथरूमला उठले असतील आणि नीट चालले असतील तर ती वेळ, ती जास्त जवळची. शेजारी झोपलेल्या माणसाला हे बरोबर आठवतं. अशा पेशंटमध्ये एमआरआय बघून नुकसान ताजं आहे का याचा अंदाज घेतात आणि इंजेक्शन किंवा गुठळी काढणं यापैकी काही शक्य आहे का ते ठरवतात. तेव्हा दूधवाला, आंघोळ, पूजा आटोपून निघायचं नाही.

९. जवळचं नर्सिंग होम की लांबचं मोठं हॉस्पिटल?

नेमप्लेटवर किती मजले आहेत ते बघू नका. तुमच्या भागातल्या दोन-तीन कॅज्युअल्टींना आजच फोन करून तीन गोष्टी विचारा. सीटी स्कॅन रात्री दोनला आणि रविवारीही चालू असतो का? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन इथेच देता का? नळी घालून गुठळी काढायची सोय इथे आहे की पुढे पाठवता? ज्यांची पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं ‘हो’, त्यातलं जवळचं निवडा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. तिसरी सोय नसली तरी इंजेक्शन तिथे सुरू करून पुढे हलवता येतं.

सरकारी-पालिकेच्या बाजूला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं आहे, वाशीचं सार्वजनिक रुग्णालय नवी मुंबई महापालिकेचं. तिथेही हेच तीन प्रश्न विचारा.

वेळेचा हिशेबही आधीच करून ठेवा. कासारवडवलीहून सकाळी नऊला माजिवड्याकडे येणं आणि रात्री अकराला येणं ही दोन वेगळी शहरं आहेत. ऐरोलीकरांना ठाणे, वाशी आणि पुलापलीकडचं मुलुंड तिन्ही दिशा खुल्या असतात, पण ठाणे-बेलापूर रोडला कंपन्या सुटायच्या वेळी त्यातली एक बंदच समजा.

हे मी पोटतिडकीने लिहिते, त्याला कारण आहे. माझ्या सख्ख्या मामांना आम्ही घराजवळच्या हॉस्पिटलात नेलं. चकचकीत रिसेप्शन, मासळीची टाकी. दाखल करून घेतलं, सलाईन लावलं, मग कळलं की सीटी मशीन दोन दिवस बंद आहे. तिथून निघेपर्यंत दीड तास गेला. नाव लिहीत नाही. तो एक फोन मी आधी करायला हवा होता, आणि मी तर याच क्षेत्रातली.

१०. १०८ची वाट बघायची की रिक्षाने निघायचं?

आधी १०८ला फोन, तो टाळू नका. ही सेवा मोफत आहे आणि महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे. गाडी किती मिनिटांत येते ते विचारा. पंधरा-वीस मिनिटांत येत असेल तर थांबा: ऑक्सिजन असतो, उलटी झाली तर सांभाळायला माणूस असतो. वेळ फारच लागणार असेल तर निवडलेल्या हॉस्पिटलची अ‍ॅम्ब्युलन्स किंवा स्वतःची गाडी. मागच्या सीटवर पेशंटला कुशीवर, शेजारी एकजण. गाडी चालवणारा आणि पेशंट असे दोघंच निघू नका. वाटेतून कॅज्युअल्टीला फोन: ‘स्ट्रोकचा पेशंट घेऊन येतोय, लक्षण एवढ्या वाजता सुरू झालं.’

११. लोकलमध्ये शेजारच्या प्रवाशाला असं झालं तर?

दोन स्टेशनांच्या मध्ये साखळी ओढू नका. खाडीवर किंवा पारसिकच्या आसपास गाडी थांबली तर मदत पोचणार कशी? पुढच्या स्टेशनला उतरवा. गाडी चालू असतानाच रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर डबा आणि पुढचं स्टेशन सांगा. उतरल्यावर एकजण पेशंटपाशी, एकजण स्टेशन मास्तरकडे, तिसऱ्याने १०८. पेशंटचा फोन लॉक असेल तर बोट लावून उघडा आणि शेवटचा कॉल झालेल्या नंबरला कळवा. तो माणूस शेवटचा नीट कधी बोलला हे बहुधा त्या नंबरवरच कळतं.

१२. दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं. तरी जायचं?

त्याच दिवशी, लगेच. याला मिनी स्ट्रोक म्हणतात, डॉक्टर टीआयए म्हणतील. गुठळी आली, अडकली, सुटली. मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो. मानेतल्या रक्तवाहिन्या, हृदयाचे ठोके, शुगर, बीपी तपासून वेळेत औषध सुरू झालं तर बरेच मोठे झटके टळतात.

माझ्याकडच्या पेशंटच्या बोलण्यात नंतर हे हमखास निघतं. ‘आठ दिवसांपूर्वी बोलताना जीभ अडखळली होती, पण चहा घेतल्यावर बरं वाटलं.’ चहाचं नाव उगाच मोठं होतं.

१३. बाबा म्हणतात, मला काही झालेलं नाही, उगाच गोंधळ घालू नका. काय करावं?

त्यांचं ऐकू नका, हे मी एरवी कधी म्हणत नाही. मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झाला की डावी बाजू लुळी पडते आणि ती लुळी पडली आहे याची जाणीवच काही जणांची जाते. हा हट्टीपणा नसतो, लक्षण असतं. हात उचला म्हटलं की उजवा उचलतात आणि ‘उचलला की’ म्हणतात. वाद घालत बसलात तर अर्धा तास सहज जातो. ‘बीपी तपासून येऊ’ म्हणा आणि निघा.

१४. सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरी डॉक्टर ‘स्ट्रोकच आहे, इंजेक्शन देऊ’ म्हणतात. आणि वर जोखमीच्या कागदावर सही मागतात. हे काय गौडबंगाल?

गौडबंगाल नाही. सीटीमध्ये रक्तस्राव लगेच पांढरा दिसतो. गुठळीने झालेलं नुकसान मात्र पहिल्या काही तासांत बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणजे लक्षणं स्ट्रोकची आणि सीटी ‘स्वच्छ’ असेल, तर त्याचा अर्थ वाहिनी फुटलेली नाही, इंजेक्शनचा विचार करता येतो. हीच गोष्ट उलट्या बाजूनेही लक्षात ठेवा: हात लुळा असताना ‘सीटी नॉर्मल, घरी जा’ असं कुणी म्हटलं तर न्यूरोलॉजिस्टला दाखवल्याशिवाय हलू नका.

सहीचं कारण खरं आहे. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. शंभरात साधारण सहा जणांना, मूळ मोठ्या चाचणीत तरी तेवढा आकडा होता. तरीही त्या चाचणीत इंजेक्शन मिळालेल्यांपैकी जास्त लोक स्वतःच्या पायावर उभे राहिले. नुकतंच ऑपरेशन झालं असेल, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील (प्रश्न १८), तर डॉक्टर स्वतःच नको म्हणू शकतात. निर्णय घ्यायला कुटुंब-सभा भरवू नका. सही कोण करणार हे गाडीतच ठरवा.

१५. शुगर कमी झाली की आईचं बोलणं अडखळतं. ते आणि स्ट्रोक वेगळे कसे ओळखू?

बघून ओळखता येत नाहीत. साखर फार खाली गेली की एक बाजू लुळी पडण्यापर्यंत हुबेहूब सोंग वठतं. घरात ग्लुकोमीटर असेल तर १०८ येईपर्यंत बोट टोचून बघा. ७० च्या खाली आकडा आला, माणूस टक्क जागा आहे, लाळ नीट गिळतोय, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज हळूहळू द्या. प्रश्न ६ मधला अपवाद तो हाच. गुंगीत असेल तर काहीही नको. साखर वर येऊन बोलणं पूर्ण सुधारलं तरी डॉक्टरांना दाखवा. आकडा ठीक असूनही अडखळणं चालूच असेल तर प्रश्न ५.

१६. नुसतं तोंड वाकडं झालंय, हातपाय उत्तम आहेत. तरी धावत जायचं?

हा बहुधा बेल्स पाल्सी असतो, चेहऱ्याच्या नसेचा आजार. त्यात त्या बाजूची भुवई वर उचलत नाही, कपाळावर आठ्या पडत नाहीत, डोळा पूर्ण मिटत नाही. स्ट्रोकमध्ये कपाळ सहसा वाचतं. हे मी माहितीसाठी सांगितलं. आरशासमोर उभं राहून निदान करण्यासाठी नाही. बेल्स पाल्सीचं औषधही पहिल्या ७२ तासांत सुरू केलेलं बरं, म्हणजे डॉक्टरकडे लवकर जाणं दोन्हीकडून फायद्याचंच.

१७. माझं वय ३४. मला कशाला होईल?

होतो. तरुणांमध्ये तंबाखू, बीपी, जन्मापासूनचे किंवा संधिवाताच्या तापाने झालेले हृदयाच्या झडपांचे दोष ही कारणं दिसतात. मिश्री आणि गुटखा तंबाखूच आहे, धूर निघत नाही म्हणून सुटका नाही. कारमध्ये एसी लावून वाशी ते बीकेसी करणाऱ्याचं बीपी कुणी मोजतच नाही, ते तिशीतच चढलेलं असू शकतं.

दोन प्रसंग वेगळे सांगते. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान ‘कट्’ करून मोडून घेण्याची सवय सोडा. त्या झटक्याने मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटून गुठळी होऊ शकते. मान दुखायला लागून पाठोपाठ चक्कर, अडखळणं आलं तर मान मोडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुसरा बाळंतिणीचा. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत रक्त गोठण्याकडे कल असतो, आणि मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते. डोकं दिवसेंदिवस वाढत दुखणं, नजर धूसर होणं, फिट येणं, एक बाजू कमजोर होणं. त्यात आपल्याकडे काही घरांत बाळंतिणीला पाणी बेताचंच देतात. असं करू नका. तिला तहान लागते तेवढं पाणी द्या, आणि फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवत न बसता हॉस्पिटल गाठा.

१८. आईची व्हॉल्व्हची शस्त्रक्रिया झाली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तिला स्ट्रोक होणारच नाही ना?

होऊ शकतो, दोन्ही प्रकारचा. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा) खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. वॉरफरिन असो, अ‍ॅसिट्रॉम असो की नव्या पिढीची गोळी, नाव आणि शेवटची कधी घेतली ते हॉस्पिटलात पहिल्या वाक्यात सांगा. त्यावर इंजेक्शनचा निर्णय फिरतो. दात काढायचा म्हणून, उपास आहे म्हणून, गोळ्या संपल्या म्हणून स्वतःहून खंड पाडू नका. डेंटिस्टकडे जाण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

१९. आईवडील वाशीत एकटे असतात, मी बाहेरदेशी. इथून काय करू?

किल्लीचा एक जोड शेजाऱ्यांकडे. दाराला आतून वरची कडी नको, नुसतं लॅच. फोनमध्ये पहिल्या नंबरावर शेजारी, तुम्ही नव्हे. रोजचा व्हिडिओ कॉल असतोच, त्यात चेहरा बघत चला. आणि पैशाबद्दल आधीच बोलून ठेवा: कोणाच्या कार्डावरून डिपॉझिट भरायचं, विम्याचे कागद कुठे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड दाखवून कोणते उपचार बसतात ते विचारायचं. पण हे दाखल झाल्यावर. आरोग्यमित्र शोधण्यासाठी सीटी थांबवायचा नाही.

२०. एकदा झाला, आता परत होऊ नये म्हणून?

बीपीची गोळी बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद करू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. बहुतेकांसाठी लक्ष्य १३०/८० च्या खाली. तंबाखू पूर्ण बंद. लोणचं-पापड-फरसाण हातचं राखून. डॉक्टरांनी दिलेल्या अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन वगैरे गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. पुन्हा लक्षण दिसलं तर ‘मागच्यासारखंच आहे, जाईल’ म्हणू नका.

२१. वडिलांना स्ट्रोक होऊन पाच महिने झाले. आता काही सुधारेल का? आम्ही त्यांना उठवताना चुकतोय असंही वाटतं.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत जास्त असतो, नंतर मंदावतो, थांबत नाही. वर्षानंतर चमचा धरायला लागलेले पेशंट मी बघितले आहेत. बोलणं गेलं असेल तर फिजिओबरोबर स्पीच थेरपिस्टही हवा.

उठवताना बहुतेक घरांत चुकतंच. लुळ्या हाताला धरून ओढू नका, काखेत हात घालूनही उचलू नका. खांदा सैल झालेला असतो, तो उतरतो आणि मग व्यायामच होत नाही. त्यांचे पाय जमिनीला टेकवा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. कमरेला रुंद पट्टा किंवा दुहेरी केलेली ओढणी घट्ट बांधा, लुळ्या बाजूला उभे राहा, तुमचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवा. त्यांना पुढे वाकायला सांगा, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि मग ‘एक, दोन, तीन’ म्हणून पट्टा धरून उठवा. मोजायचं काम त्यांच्याकडे द्या.